गळा कोणाचा, गाणे कोणाचे?

(‘रॉक स्टार’ हा चित्रपट दाखविल्यानंतर एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर.)



हॉलिवुडमध्ये निघणाऱ्या चित्रपटांत कामकरी माणसाचे प्रेम दिसते, भांडण दिसते, त्याचे व्यसनही दिसते. पण सकाळी उठून तो ज्या कामावर जातो ते काम आणि त्या कामाच्या अटी सहसा पडद्याबाहेर राहतात. ‘रॉक स्टार’ हा २००१ साली वॉर्नर ब्रदर्सने काढलेला आणि स्टीफन हेरेक यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट वरकरणी निव्वळ करमणुकीचा आहे. तो फारसा चाललाही नाही. सुमारे पावणेसहा कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाला जगभरातून दोन कोटी डॉलरही मिळाले नाहीत. अमेरिकेत तो ७ सप्टेंबर २००१ रोजी लागला आणि चारच दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. लोकांचे चित्त सिनेमावर राहणे शक्यच नव्हते. तथापि श्रम आणि मालकी यांच्या संबंधांविषयी या चित्रपटात, कदाचित त्याच्या कर्त्यांच्याही नकळत, जे येऊन गेले आहे ते समाजवादी विचाराच्या माणसाने नीट न्याहाळण्याजोगे आहे.

कथानक साधे आहे. काळ १९८०च्या दशकाच्या मध्याचा, गाव पिट्सबर्ग. क्रिस कोल हा तरुण आईवडिलांच्या घरी राहतो, दिवसा छायाप्रती काढण्याची यंत्रे दुरुस्त करतो आणि रात्री ‘ब्लड पोल्यूशन’ नावाच्या बँडमध्ये गातो. हा बँड स्वतःची गाणी करीत नाही. ‘स्टील ड्रॅगन’ नामक एका प्रख्यात इंग्रज बँडची गाणी, त्यांचे पोशाख, त्यांचे हातवारे यांची हुबेहूब प्रतिकृती सादर करणे हेच त्याचे व्रत. अशा बँडना तिकडे ‘ट्रिब्यूट बँड’ म्हणतात. दिवसा यंत्राने प्रती काढायच्या आणि रात्री कंठाने, हा विनोद चित्रपटकर्त्यांनी जाणूनबुजून योजिला आहे. क्रिसला एखादा सूर इकडचा तिकडे झालेला खपत नाही. सोबत्यांना स्वतःचे काही करावेसे वाटते, त्याला नाही; अखेर त्याच्या काटेकोरपणाला कंटाळून ते त्यालाच काढून टाकतात. त्याच्या जागी प्रतिस्पर्धी ट्रिब्यूट बँडचा गायक उभाही राहतो. नेमक्या त्याच वेळी खुद्द स्टील ड्रॅगनकडून दूरध्वनी येतो. त्यांना आपला गायक काढावयाचा आहे, आणि कोणा चाहत्यांनी पोहोचविलेल्या चित्रफितीवरून त्यांनी क्रिसचा आवाज हेरला आहे. क्रिस लॉस एंजेलिसला जातो, गातो, निवडला जातो आणि त्याला ‘इझी’ हे नवे नाव मिळते.

येथवर ही परीकथा आहे. पहिल्याच कार्यक्रमात तो रंगमंचाच्या जिन्यावरून कोसळतो, डोक्यातून रक्त वाहू लागते, तरी तो उठून गातो आणि हजारोंचा समुदाय त्याचा जयजयकार करतो. पुढे चित्रपट गंभीर होतो. नव्या ध्वनिमुद्रिकेची वेळ येते तेव्हा क्रिस आपण रचलेली गाणी घेऊन जातो. त्याला सांगण्यात येते की स्टील ड्रॅगनचा एक ठरीव बाज आहे, लोक त्यासाठीच पैसे मोजतात आणि तुला घेतले आहे ते गळ्यासाठी. सोबत्यांना ज्या काटेकोरपणासाठी तो छळीत असे, तोच काटेकोरपणा आता त्याच्यावर लादला जातो. फरक एवढाच, की पूर्वी ती त्याची भक्ती होती, आता ती नोकरीची अट आहे.

या प्रसंगाचा सरधोपट अर्थ असा लावला जातो की नक्कल करणारा माणूस खोटा असतो, त्याने स्वतःला शोधावे. चित्रपटाचाही रोख तोच आहे. परंतु हा अर्थ अपुरा आहे, आणि काहीसा अन्यायाचाही. अनुकरण ही कलेतील लाजिरवाणी गोष्ट कधीच नव्हती. आपल्याकडे शिष्य वर्षानुवर्षे गुरूची गायकी उचलतो. गावोगावची भजनी मंडळे ऐकलेल्याच चाली म्हणतात. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राचा गायक मुकेश किंवा किशोरकुमार यांच्या आवाजात गातो तेव्हा त्याला कोणी लबाड म्हणत नाही. दिवसभर यंत्राशी झगडलेला माणूस संध्याकाळी चार सोबत्यांसह आपल्या आवडीचे गाणे जिवापाड मेहनत घेऊन गातो, यात कमीपणा तो कसला? ट्रिब्यूट बँड ही कष्टकऱ्यांनी स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या खर्चाने चालविलेली कला आहे. तेथे क्रिस नक्कल करतो, पण स्वतंत्रपणे करतो. तोच गळा, तेच गाणे. पण करारपत्रावर सही होताच तो परतंत्र होतो. दोष अनुकरणात नाही, कामाच्या संबंधात आहे. श्रमिकाचे श्रम त्याच्यापासून तुटून परक्याची वस्तू बनतात, याला मार्क्सने परात्मता म्हटले. ही परात्मता कापडगिरणीत असते तशी वीस हजार प्रेक्षकांसमोरच्या रंगमंचावरही असू शकते, हे या चित्रपटाने दाखविले आहे.

या कथेमागे एक खरी घटना आहे. इंग्लंडमधील ‘जुडास प्रीस्ट’ या बँडचे गायक रॉब हॅलफर्ड १९९२ मध्ये बाहेर पडले. १९९६ साली त्यांच्या जागी आले टिम ओवेन्स, अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन शहराचे. ओवेन्स ज्या बँडमध्ये जुडास प्रीस्टची गाणी गात, त्याचे नाव ‘ब्रिटिश स्टील’. त्यांचीही चित्रफीत बँडच्या ढोलवादकापर्यंत पोहोचली आणि निवड झाली. वृत्तपत्रांनी ही वार्ता उचलून धरली. त्यातून चित्रपटाची कल्पना निघाली. चित्रपटाची कथा पुढे ओवेन्स यांच्या आयुष्यापासून पुष्कळच दूर जाते आणि जुडास प्रीस्टनेही तिच्याशी संबंध ठेवला नाही. तरी ज्या दोन शहरांत ही घटना घडली त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे चित्रपटाने काय गाळले ते ध्यानात येते.

ॲक्रन ही एके काळी जगाची रबराची राजधानी. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन हे कारखाने तेथले. १९३६ साली गुडइयरच्या कामगारांनी तेथे जो संप केला त्याने अमेरिकेतील औद्योगिक संघटनांच्या चळवळीला मोठी चालना दिली. १९८०च्या दशकाच्या आरंभी मात्र त्या शहरात मोटारींचे टायर बनणे जवळजवळ थांबले. ओवेन्स यांचा जन्म १९६७चा; म्हणजे ते वयात आले तेव्हा बापजाद्यांचे कारखाने बंद होत होते.

दुसरे शहर बर्मिंगहॅम. हेवी मेटल हे संगीत जन्मले ते बर्मिंगहॅम आणि भोवतालच्या पोलाद पट्ट्यात, आणि त्याचा कामगारवस्तीशी संबंध केवळ नावापुरता नाही. ‘ब्लॅक सॅबथ’चे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. त्यांनी प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, पुढे तारा सैल लावून खालच्या पट्टीत वाजविण्यास आरंभ केला. त्या जडशीळ नादावर हे सारे संगीत उभे आहे. जुडास प्रीस्टचे ग्लेन टिप्टन हे ब्रिटिश स्टील या सरकारी पोलाद महामंडळात उमेदवारी केलेले. जानेवारी १९८० मध्ये त्या महामंडळाच्या कामगारांनी संप पुकारला. तो सुमारे तीन महिने चालला. तो मिटल्यानंतर काही दिवसांतच, एप्रिल १९८० मध्ये, जुडास प्रीस्टची ध्वनिमुद्रिका बाहेर आली. तिचे नाव होते ‘ब्रिटिश स्टील’. तिच्यातील एका गाण्यात लोखंडी सैन्याच्या पावलांचा जो खणखणाट ऐकू येतो, तो सुऱ्याचमच्यांचा ट्रे हलवून काढलेला आहे. कारखाना धडधडत होता तेव्हा त्याचा आवाज कोणी टिपला नाही. तो मंदावू लागला तेव्हा पोरांनी तो स्वयंपाकघरातील भांड्यांतून पुन्हा उभा केला.

चित्रपटाचे गाव पिट्सबर्ग हे तर पोलादाचेच दुसरे नाव. शहराला लागून असलेल्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ साली कार्नेगीच्या कंपनीने पिंकर्टन संस्थेचे सशस्त्र रखवालदार आणले, कामगारांशी त्यांची लढाई झाली, माणसे मेली आणि संघटना मोडली गेली. तो प्रचंड कारखाना १९८६ साली कायमचा बंद झाला. म्हणजे चित्रपटातील क्रिस कोल छायाप्रतींची यंत्रे दुरुस्त करीत हिंडत आहे त्याच वर्षांत, त्याच्या गावात, पोलादाच्या भट्ट्या एकामागून एक विझत होत्या. पडद्यावर यातले काहीही दिसत नाही. स्टील ड्रॅगन या नावात तेवढे पोलाद उरले आहे. होमस्टेडच्या जागेवर १९९९ साली बाजारसंकुल उभे राहिले आणि त्यात चित्रपटगृहेही आली. गिरणगावच्या जमिनींचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

ही पार्श्वभूमी गाळल्यामुळे चित्रपटाला आपल्याच नायकाचे दुःख पुरते उमगत नाही. ज्या गावात बापाची नोकरी जाते तेथे पोराला पोटापाण्याचे दोनच मार्ग दिसतात: किरकोळ सेवेची कामे, नाही तर एखादा चमत्कार. दूरध्वनी येणे हा तो चमत्कार. अशा माणसाला करारपत्र वाचण्याचे भान कोठून असणार? मागे भट्टी विझलेली आहे म्हणून तो पुढे मिळेल त्या अटीवर सही करतो.

गळा भाड्याने घेण्याच्या या व्यवहाराचे आणखी एक उदाहरण खुद्द चित्रपटातच दडले आहे. क्रिसचे काम मार्क वॉलबर्ग यांनी केले आहे. पण तो गातो तेव्हा ऐकू येणारा आवाज मुख्यत्वे मिल्येंको मातियेविच आणि जेफ स्कॉट सोटो या गायकांचा आहे. पार्श्वगायनावर वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला यात नवल नाही. मातियेविच यांची हकीकत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते ‘स्टीलहार्ट’ बँडचे गायक. १९९२ साली डेन्व्हर येथे कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरील दिव्यांचा अवजड सांगाडा त्यांच्या अंगावर कोसळला, डोक्याला आणि पाठीला जबर इजा झाली आणि बँडची घोडदौड थांबली. चित्रपटात नायक रंगमंचावर कोसळतो, रक्ताळतो आणि त्यामुळेच लोकप्रिय होतो. त्याला आवाज देणारा माणूस प्रत्यक्षात रंगमंचावर जायबंदी झाला आणि त्याची कारकीर्द मागे पडली.

गळ्याचे दाम एकदा दिले की हिशेब संपला, की गाणे जोवर विकले जाते तोवर गाणाऱ्याचा त्यात वाटा आहे, हा वाद आपल्याकडेही झाला आहे. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही स्वामित्वधन मिळावे अशी मागणी केली. महंमद रफी यांचे मत निराळे होते: मानधन मिळाले की गायकाचा हक्क संपला. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले. रफींच्या भूमिकेत दिलदारपणा होता यात संशय नाही. परंतु प्रत्येक गायक रफी नसतो. नाव नसलेल्या गायकाच्या बाबतीत हा दिलदारपणा मालकाच्याच पथ्यावर पडतो. व्यावसायिक उपयोगासाठी कलावंताला स्वामित्वधन मिळण्याचा हक्क भारताच्या कायद्यात स्पष्टपणे आला तो २०१२ सालच्या दुरुस्तीने, म्हणजे त्या वादानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

एमिलीविषयी बोलल्याविना हा विषय पुरा होणार नाही. जेनिफर ॲनिस्टन यांनी केलेली ही भूमिका क्रिसच्या प्रेयसीची आहे, पण ती त्याच्या जुन्या बँडची व्यवस्थापकही आहे. कार्यक्रम ठरविणे, पैशाची बोलणी करणे, भांडणे मिटविणे ही सारी कामे तीच करते. क्रिस मोठा होताच तिचे हे काम नाहीसे होते. दौऱ्यात वादक एका गाडीने जातात, बायकांची गाडी निराळी. कालपर्यंत जी व्यवस्थापक होती ती आज केवळ सोबतीण उरते. ती हे ओळखते आणि निघून जाते. सिॲटलमध्ये मैत्रिणीबरोबर स्वतःचा व्यवसाय उभा करते. चित्रपटात कराराच्या मोहात न सापडणारी व्यक्ती हीच एक. तरीही कथेने तिच्या श्रमांची दखल नायकाच्या प्रेमकथेपुरतीच घेतली आहे, हे नमूद केले पाहिजे.

आता शेवटाकडे येऊ. भर कार्यक्रमात क्रिसला पुढच्या रांगेत एक तरुण दिसतो. तो प्रत्येक शब्द त्याच्यासोबत, त्याच्याच ताकदीने गात आहे. क्रिस त्याला रंगमंचावर ओढून घेतो, ध्वनिक्षेपक त्याच्या हाती देतो आणि मागच्या दाराने चालता होतो. पुढे तो केस कापून सिॲटलला जातो, जुन्या मित्रासह लहानशा जागेत स्वतःची गाणी गातो, आणि एमिलीही पुन्हा भेटते.

प्रेक्षक येथे टाळ्या वाजवितात. परंतु त्या पुढच्या रांगेतील तरुणाचे काय? चित्रपटात माणूस बदलण्याचा प्रसंग तीनदा येतो. जुन्या बँडमध्ये क्रिसच्या जागी दुसरा येतो. स्टील ड्रॅगनमध्ये जुन्या गायकाच्या जागी क्रिस येतो. आणि शेवटी क्रिसच्या जागी हा तरुण. तिन्ही वेळा यंत्र क्षणभरही थांबत नाही. पुढच्या रांगेत उभी असलेली ती राखीव फौज आहे. कोणत्याही अटीवर आत यावयास उत्सुक, आणि तिच्याच भीतीने आत असलेला माणूस गप्प. क्रिस सुटतो, पण आपले जोखड काढून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून सुटतो, आणि चित्रपट त्याला मुक्ती म्हणतो. व्यक्तीपुरती ती खरीही असेल. व्यवस्थेला तिच्याने ओरखडाही उमटत नाही.

याहून वेगळे काही शक्य असते काय? अमेरिकेच्याच इतिहासात याचे उत्तर आहे. वाजविलेले गाणे तबकडीवर एकदा मुद्रित झाले की ती तबकडी हजार ठिकाणी वाजते आणि वादक घरी बसतो, हे पाहून अमेरिकन वादक महासंघाने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. युद्धाचा काळ, वृत्तपत्रे विरोधात, सरकार नाराज. तरी वादक हटले नाहीत. १९४३ मध्ये डेका कंपनीने आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये आर.सी.ए. व्हिक्टर व कोलंबिया या बड्या कंपन्यांनी मागणी मान्य केली. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम महासंघाच्या निधीत जमा होऊ लागली आणि त्या निधीतून बेकार वादकांना पैसे देऊन लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम होऊ लागले. या लढ्यात एक उणीव राहिली होती. गायक हे वादक नव्हेत म्हणून महासंघाचे सभासद नव्हते. कंपन्यांनी ती फट नेमकी हेरली आणि बहिष्काराच्या काळात वाद्यांऐवजी गायकवृंदाची साथ घेऊन गाणी मुद्रित केली. गळ्याला हत्यार मानले नाही, गाणाऱ्याला कामगार मानले नाही, म्हणून गळाच बहिष्कार फोडण्याच्या कामी आला. क्रिस कोलला ‘तुझे काम फक्त गळ्याचे’ असे सांगितले जाते, त्या वाक्याची मुळे अशी खोल गेलेली आहेत.

खऱ्या ओवेन्स यांचे पुढे काय झाले? १९९७ आणि २००१ साली जुडास प्रीस्टच्या दोन नव्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या आवाजात निघाल्या. त्यांपैकी पहिलीवर गीतकार म्हणून नावे आहेत ती टिप्टन आणि डाउनिंग यांची. २००३ साली हॅलफर्ड परतले आणि ओवेन्स बाहेर झाले. हॅलफर्ड यांनी १९९८ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले होते. अनेक वर्षे जे दडवावे लागले ते सांगितल्यानंतरही कामगारवस्तीतल्या त्याच श्रोत्यांनी त्यांना तितक्याच प्रेमाने स्वीकारले, ही या साऱ्या कहाणीतील आनंदाची गोष्ट होय. २०२२ साली जुडास प्रीस्टचा अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. सन्मानितांच्या यादीत बँडचे जुने ढोलवादकही होते. ओवेन्स यांचे नाव नव्हते. सात वर्षे रात्रीमागून रात्री ज्याने ती गाणी पेलली त्याचा उल्लेख तेथे झाला नाही. हा कोणा एकाचा दुष्टावा नव्हे. गळा भाड्याने घेतला होता, भाडे चुकते झाले होते. त्या हिशेबात स्मरणाची तरतूदच नव्हती.

ओवेन्स यांनी गाणे मात्र सोडले नाही. इतर अनेक बँडमध्ये ते गात राहिले. २०११ मध्ये जुडास प्रीस्टमधून बाहेर पडलेल्या डाउनिंग यांनी २०२० साली नवा बँड उभा केला तेव्हा गायक म्हणून त्यांनी ओवेन्स यांनाच बोलाविले. चित्रपटाच्या नायकासारखे ध्वनिक्षेपक टाकून निघून जाणे त्यांना परवडले नाही, त्यांनी तसे केलेही नाही. कामकरी माणूस जसे आपले कसब घेऊन एका कारखान्यातून दुसऱ्यात जातो तसे ते गेले. चित्रपटाच्या नायकापेक्षा हा माणूस अधिक आदरास पात्र आहे.

तेव्हा ‘स्वतःला शोधा’ हा चित्रपटाचा उपदेश ऐकावा, पण तेथेच थांबू नये. आपल्या गावच्या ऑर्केस्ट्रात, बँडपथकात, तमाशाच्या फडात, मालिकांच्या ध्वनिमुद्रणात जे गळे राबत आहेत त्यांच्या करारपत्रांत काय लिहिले आहे, किंबहुना करारपत्र आहे की नाही, याची चौकशी करणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. असंघटित कामगारांच्या याद्या आपण करतो त्यांत गाणारा, वाजविणारा, नाचणारा यांची नावे आली पाहिजेत. पुढच्या रांगेतल्या तरुणाला रंगमंचावर अवश्य घ्यावे. पण तो वर येण्यापूर्वी त्याच्या कामाच्या अटी ठरलेल्या असाव्यात, आणि त्या त्याने एकट्याने नव्हे, आपल्या संघटनेसह ठरविलेल्या असाव्यात.